हरिकेन इंजिन घरच्या शेडमध्ये बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या वेळची महिंद्राची पेट्रोल जीप, मागची बॉडी काढून लोखंडी हौदा बसवलेली, आत मूळचं हरिकेन इंजिन. गाडी चालू होते, पण निळा धूर सोडते, ऑइल खाते आणि चढाला ओढत नाही. गावातले मिस्त्री म्हणतात, ‘फुल इंजिन करा, नाहीतर डिझेल टाका.’ तुम्हाला मूळ इंजिनच ठेवायचंय. हाताला पान्याची सवय आहे, शेड आहे, आणि हे काम घरी जमेल का, सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. फक्त ‘घरी’ म्हणजे काय ते आधी ठरवू. खोलणं, धुणं, मोजणं आणि परत बांधणं घरी होतं. बोअरिंग (झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं), क्रँक ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह सीटचं काम मशीन शॉपमध्येच होतं. त्यामुळे पाना चालवता येतो की नाही यावर फारसं काही अडत नाही. अडतं ते पुढच्या गोष्टीवर: काय कापायचं आणि किती, हे ठरवणार कोण? ब्लॉक टेम्पोत टाकायचा आणि ‘बघा, काय लागेल ते करा’ म्हणून सोडून यायचं, इथेच बरीच कामं हातची जातात. साठेक वर्षांच्या ब्लॉकमध्ये कापायला धातू फारसा शिल्लक नसतो. म्हणून माझा सगळा भर मोजण्यावर आहे, आणि मोजणं गाडी उभी आहे तिथेच सुरू होतं.

आधी या इंजिनाची रचना समजून घ्या, कारण पुढचं निदान तिच्यावर बेतलेलं आहे. विलिस या मूळ अमेरिकन जीप कंपनीचं हे चार सिलिंडरचं इंजिन, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ३ इंच १ सूत, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ४ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे साधारण २,२०० सीसी. याच्या आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, पुशरॉड आणि रॉकरवर चालतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र खाली ब्लॉकमध्येच राहिला. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि १९५३ साली आलेल्या सीजे-३बी जीपचं बॉनेट उंच झालं ते याच कारणाने. महिंद्राने तेच मॉडेल आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवलं.

आता धुराकडे या. इनटेक व्हॉल्व्ह वर असल्यामुळे त्याचं गाईड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, झिजलं की रॉकरकडचं ऑइल व्हॅक्यूमने थेट सिलिंडरमध्ये ओढलं जातं. धूर निळाच येतो, ऑइल तेवढंच जातं, आणि रिंगा मात्र चांगल्या असू शकतात. फरक ओळखायला घाट लागतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा, ॲक्सिलरेटर सोडा, खाली आल्यावर पाय द्या. त्या क्षणी मागे निळा लोट आला तर संशय गाईडवर. चढाला, भार असताना सतत धूर येत असेल आणि ऑइल फिलरचं टोपण काढल्यावर भपकारे येत असतील, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा आणि बोअर. तिसरी शक्यता फार लोक विसरतात. क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला असेल तर धडधाकट इंजिनसुद्धा ऑइल खातं. तो आधी काढून धुवा.

मग कॉम्प्रेशन घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चांगल्या हरिकेनला १२० पीएसआयच्या आसपास आकडा मिळतो, पण मी आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बघतो. आकडे लिहून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांतून होती. तसूभर हलला नाही तर व्हॉल्व्हमधून. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले दिसले तर हेड गॅस्केट बघा. यात गाईडच दोषी निघालं, तर इंजिन गाडीतून उतरवायचं कारणच नाही. हेड काढा, गाईड बदला, इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी ओ-रिंग नव्या टाका, सीट करून घ्या आणि गाडी रस्त्यावर आणा.

हेड काढताना एक गोष्ट जपा. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं आहे, आणि हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, त्या तोंडाच्या आत आहे. कार्बोरेटर काढून आत बॅटरी मारल्याशिवाय तो दिसत नाही. बाकी सगळे बोल्ट निघाले, हेड हलत नाही म्हणून पहार लावली, की हेड फुटतं.

डिझेलचं म्हणाल तर एका काळी पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून असंख्य जीपना डिझेल इंजिनं बसली. शेतमालाची रोज वाहतूक करायची असेल तर त्यात आजही अर्थ आहे. पण इंजिनाचा प्रकार बदलणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल. परवानगी आणि आरसीवर नोंद, दोन्ही लागतात. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांवरची बिगर-व्यापारी गाडी बसते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि नोंदणी झाली तरी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुमच्या गाडीची बॉडी आधीच बदललेली आहे, म्हणून तो मार्ग धरायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. आणि काही झालं तरी आजच ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. जुन्या गाड्यांत तो न जुळणं नवीन नाही, आणि हे इंजिनावर पैसे घालण्याआधी कळलेलं बरं.

समजा, चाचण्यांनी सांगितलं की इंजिन उतरवावंच लागेल. उतरवण्यावर मी जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. एवढंच सांगतो की शेडच्या लाकडी वाशाला चेन पुली अडकवू नका. लोखंडी तिकाटणं भाड्याने आणा आणि लोंबकळत्या इंजिनाखाली हात घालू नका. जुनी क्लच प्लेट आणि गॅस्केट ॲस्बेस्टॉसची असू शकतात. ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

खोलताना फोन हाताशी ठेवा आणि प्रत्येक भाग सुटण्याआधी फोटो काढा. कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या कॅपवर नंबर आहेत का बघा, नसतील तर पंचाने ठिपके मारा. कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, त्याच दिशेने. हे रॉड मधोमध सरळ नसून एका बाजूला सरकवलेले, म्हणजे ऑफसेट आहेत, आणि त्यांना बोअरवर ऑइल उडवणारं बारीक भोक आहे. उलटा बसलेला रॉड बसल्यासारखा वाटतो आणि मग क्रँकला घासतो. पिस्टन वरून निघतात, पण बोअरच्या वरच्या टोकाला न झिजलेला काठ राहिलेला असतो. तो रिज रीमरने काढल्याशिवाय पिस्टन ठोकू नका, रिंगेच्या खाचा तुटतात. पुशरॉड आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे भाग) आपापल्या जागेच्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा.

ब्लॉक रिकामा झाला की पैसे खर्च करण्याआधी तडे शोधा. एक्झॉस्ट सीट ब्लॉकमध्ये आहे, तिच्या आणि बोअरच्या मधली भिंत अरुंद आहे आणि उष्णता तिथेच सगळ्यात जास्त. या घराण्याच्या इंजिनांत तडा जातो तो बहुधा तिथे. तीन डब्यांचं डाय पेनिट्रंट किट मिळतं. जागा स्वच्छ करा, लाल डाय मारा, थांबा, पुसा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांना तीच जागा काजळीची पुसट रेघ वाटली असती. तडा लहान असेल तर स्टिचिंग (तड्यावर धातूच्या पिना ठोकून तो शिवणं) किंवा नवी सीट आणि स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) यांनी ब्लॉक वाचतो. बोअरमध्ये खोल उतरला असेल तर दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त पडतं. हे पिस्टन घेतल्यावर कळलं तर सगळं गणित फिस्कटतं.

आता मोजणं. बोअर डायल गेज आणि बाहेरच्या मापाचा मायक्रोमीटर एवढं लागतं. विकत घेणं जड वाटलं तर ओळखीच्या टर्नरकडून दोन दिवस आणा, पण मोजा स्वतः. प्रत्येक बोअर तीन उंचींवर, प्रत्येक उंचीला दोन दिशांनी: क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात. सगळ्यात जास्त झीज वर, जिथे पहिली रिंग वळते तिथे, आणि काटकोनाच्या दिशेला सापडेल. सगळ्यात खाली, रिंग पोचत नाही तिथे, बोअर जवळजवळ मूळ मापाचा असतो. वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर. टेपर किंवा गोलाईतला फरक ५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर गेला की मी बोअर करायचं ठरवतो. त्याच्या आत असेल आणि गाडी हौसेपुरती चालणार असेल, तर हलकं होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं) आणि नव्या रिंगा यावर ते इंजिन समाधानाने चालतं. इथे तुमचा वापर ठरवतो. रोज ऊस नाहीतर खत ओढणार असाल तर मी ५ थाऊलाही बोअर करीन.

बोअर करायचा ठरला तर जुन्या पिस्टनच्या डोक्यावर काय कोरलंय ते वाचा. काहीच नसेल तर स्टँडर्ड, ०२० किंवा ०३० असेल तर तेवढ्या थाऊने आधीच वाढवलेला. साधारण ४० थाऊपर्यंत पिस्टन मिळतात. तुमचा ०४० वर असेल तर स्लीव्ह घालून परत स्टँडर्डला येणं हाच सरळ मार्ग. झीज काढून टाकण्यापुरता सगळ्यात लहान ओव्हरसाईज निवडा. दुकानदाराकडे ‘०४० तयार आहे, ०२० मागवावं लागेल’ असं असलं तरी थांबा आणि ०२० मागवा. पुढच्या माणसालाही हा ब्लॉक एकदा बोअर करता आला पाहिजे.

आणि क्रम पाळा: पिस्टन आधी हातात, बोअरिंग नंतर. ०२० छापलेले चार पिस्टन तंतोतंत एका मापाचे असतातच असं नाही. प्रत्येकाचा स्कर्ट पिनला काटकोनात मोजा, त्यावर १ ते ४ नंबर घाला आणि मशीन शॉपला पिस्टनसकट ब्लॉक द्या. लेखी सांगा की प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनपेक्षा ३ थाऊ मोठा हवा आणि शेवटचे काही थाऊ होनिंगने काढायचे. परत आल्यावर ३ थाऊची लांब फीलर पट्टी पिस्टनच्या बाजूने घालून स्प्रिंग काट्याने ओढा. विलिसच्या मॅन्युअलमध्ये ५ ते १० पाउंड ओढ सांगितली आहे आणि ती कसोटी आजही उत्तम आहे.

क्रँकलाही हाच न्याय. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे तिचे गोल भाग, दोन दिशांनी मोजा, बारीक चरे आणि गोलाईतला फरक बघा. ग्राइंडिंग करायचं असेल तर त्या अंडरसाईजचं बेअरिंग बाजारात आहे ना याची खात्री आधी. ग्राइंडरवाल्याला आवर्जून सांगायचं ते म्हणजे जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई. क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत. कोपरा काटकोनात कापला तर तडा तिथूनच सुरू होतो. क्रँक परत आली की नखाने तो कोपरा तपासा आणि ऑइलच्या भोकांच्या कडा बोचऱ्या नाहीत ना ते बघा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे सगळं एका फेरीत होतं. सामानासाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार, आणि तिथे नाहीच मिळालं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. दर मी सांगत नाही, ते गावागणिक बदलतात. गॅस्केट सेट घेताना मागच्या मेन बेअरिंगचं सील आणि कॅपच्या बाजूची रबरी पॅकिंगं सेटमध्ये आहेत का ते दुकानातच उघडून बघा.

धुण्याला एक पूर्ण दिवस द्या, आणि हा दिवस कुणी घाईने उरकायला सांगितला तरी ऐकू नका. ऑइल गॅलरीचे प्लग काढा, लांब ब्रश आरपार फिरवा. मागच्या बाजूचे वेल्च प्लग (पाण्याच्या पोकळीची पत्र्याची बुचं) काढलेत तर चौथ्या सिलिंडरभोवती वर्षानुवर्षांचा गाळ निघेल. गाडी गरम होत असेल तर त्याचं एक कारण तिथे असतं. होनिंगची कुरुंदाची भुकटी डिझेलने किंवा पेट्रोलने जात नाही. ती धातूच्या बारीक रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रशने बोअर घासा, पुसा, ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवून बघा. पहिल्यांदा फडकं राखाडी येईल. परत घासा. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा, आणि मग लगेच ऑइल लावा, कारण पावसाळ्यात उघड्या बोअरवर गंज बघता बघता चढतो. या कामाला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे ऑइलच्या भोकांत अडकतात.

इथवरचा क्रम एकदा धरून घ्या: चाचण्या, खोलणं, तडे, मोजमाप, पिस्टन आणि बेअरिंग हातात, मग मशीन शॉप, मग धुणं. यातलं काही पुढेमागे झालं की पैसे दोनदा जातात.

बांधताना क्रँक आधी. बेअरिंगची मागची बाजू कोरडी, तोंडाला ऑइल. प्लास्टिगेजची (दाबली की चपटी होणारी मऊ) काडी ठेवून कॅप टॉर्कला आवळा, सोडा, चपट्या झालेल्या पट्टीची रुंदी मोजा, त्यावरून बेअरिंगची फट कळते. मेन कॅपना ६५ ते ७५ फूट-पाउंड, रॉडना ३५ ते ४५, हेडला ६० ते ७०. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवा. जड झाली तर दोष आत्ताच आवळलेल्या कॅपमध्ये आहे, पुढे जाऊ नका. पुढच्या मेनपाशी थ्रस्ट वॉशरबरोबर शिम असतात, त्यांनी क्रँकचा पुढे-मागे खेळ ४ ते ६ थाऊ ठेवायचा. मागच्या कॅपच्या दोन्ही बाजूंची रबरी पॅकिंगं ब्लॉकच्या खाली पाव इंच बाहेर राहतात. ती कापून सपाट करू नका. ऑइल पॅन त्यांना दाबतो तेव्हाच ती भोक भरतात. हे इंजिन मागून गळतंच असं लोक म्हणतात, त्यामागे कित्येकदा कापलेली पॅकिंगं असतात.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तोंडाची फट मोजा. बॉक्सवर माप दिलेलं नसेल तर बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ, म्हणजे इथे साडेबारा थाऊच्या आसपास. टायमिंग गिअरच्या खुणा समोरासमोर आणल्यावर लक्ष ऑइल पंपाकडे द्या. पंप कॅमवर चालतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपाच्या दांड्यावरून फिरतो. पंप एक दात चुकीचा बसला तर टायमिंग जुळवायला डिस्ट्रिब्युटर फिरवण्याइतकी जागाच उरत नाही. म्हणून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, पंप बसवा आणि डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून खाच मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणे आली का ते बघा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. टॅपेटची फटही मॅन्युअलप्रमाणे, आणि इनटेक-एक्झॉस्ट दोन्हींची. रॉकर समोर दिसतात म्हणून ते सगळे करतात. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाच्या आत, हात घालायला अवघड जागी आहेत, म्हणून ते राहतात आणि नव्या सीट जळतात.

चालू करण्याआधी पंपात ऑइल भरलेलं हवं. ड्रिल लावून पंप वेगळा फिरवता येत नाही, त्याचा गिअर थेट कॅममध्ये अडकलेला असतो. प्लग काढून ठेवा आणि गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत इंजिन फिरवा. मगच प्लग लावा. कॅम किंवा टॅपेट नवे असतील तर चालू झाल्या झाल्या पहिली वीसेक मिनिटं इंजिन आयडलवर सोडू नका, हलका रेस देऊन ठेवा. ऑइल जस्तयुक्त घ्या. डिझेल इंजिनाचं चांगलं १५डब्ल्यू-४० यासाठी मी बिनधास्त वापरतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, तेव्हा गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्राम, रबरी नळ्या आणि कार्बोरेटर किट इथेनॉल चालणारं घ्या. जुनं रबर त्यात फुगतं, आणि गरम मॅनिफोल्डशेजारी पेट्रोल गळणं हा खेळ नाही.

पहिले ५०० किलोमीटर हौदा रिकामा ठेवा, पण गाडी कुरवाळत चालवू नका. तिसऱ्या गिअरमध्ये ओढ द्या, सोडा, परत द्या. रिंगा अशाच बसतात. हेड थंड झाल्यावर पुन्हा टॉर्कला आवळा, टॅपेट पुन्हा तपासा आणि पहिलं ऑइल लवकर काढा.

सध्या मात्र फक्त पीसीव्ही धुवा, घाटाची चाचणी करा आणि चारही सिलिंडरचं कोरडं आणि ऑइल टाकून घेतलेलं कॉम्प्रेशन मला लिहून कळवा. इंजिन उतरवायचं की नुसतं हेड काढायचं, ते त्या आठ आकड्यांवरून सांगतो.